बाईंचे वाल आणि माझी जीभ

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर महिन्याभरातच जाहीर केलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पुढे मी बत्तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. प्रवेशअर्ज, हजेरीपट, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं माझ्या हाताखालून जायचं. कुठलंही पोर समोर उभं राहिलं की त्याचा बाप काय करतो, आई कुठल्या गावची, थोरली बहीण कुठे दिली, हे मला तोंडपाठ. कुणी विचारलं की मी सांगायचे. नाही विचारलं तरी सांगायचे. आमच्याकडे याला चहाडी म्हणत नाहीत, ओळख ठेवणं म्हणतात.

अशा बाईला समुपदेशन केंद्राच्या दारात बसवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. पण आमच्या बाईंनी ते केलं, आणि का केलं हे मला आजही पुरतं कळलेलं नाही.

बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांची भावंडं एकेक करून इस्रायलला गेली, बाई तेवढ्या पनवेलला राहिल्या. "तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?" असं त्या विचारतात. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी जन्मभर पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलला दोन खोल्या घेऊन वयात येणारी मुलं, कॉलेजातली मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्यासाठी केंद्र उघडलं. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर आम्ही. जागा त्यांनी मुद्दाम तशी शोधली होती. जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं तर "दाढ दुखतेय" म्हणता यावं म्हणून. आमच्या जिन्यात त्या हिशेबानं अख्ख्या पनवेलच्या दाढा दुखत असतात.

नोकरीच्या पहिल्या दिवशी बाईंनी मला दोन नियम सांगितले. रजिस्टरात फक्त पहिलं नाव लिहायचं, आडनाव नाही, गाव नाही. आणि आलेल्या माणसाला "कुणाची तू?" किंवा "कुणाचा तू?" असं कधीही विचारायचं नाही. पहिला नियम मी नाक मुरडत पाळला. आडनावाशिवायचं रजिस्टर मला बिनमिठाच्या आमटीसारखं वाटायचं. दुसऱ्याचा त्रास जास्त होता. माझं माहेर उरणजवळच्या जासईकडचं. आमच्याकडे अनोळखी पोर दारात आलं की पाणी विचारायच्या आधी ते कुणाचं हे विचारतात. त्याशिवाय त्याला बसवायचं कुठं, हेच कळत नाही.

"इथं येणारं पोर कुणाचंच नसतं," बाई म्हणाल्या. "त्या एका तासापुरतं तरी."

मला ते वाक्य कडू वाटलं होतं. आईबाप जिवंत असताना पोर कुणाचंच कसं नसेल?

बाईंची कामाची पद्धत पाहून तर पहिल्या आठवड्यात मी घरी जाऊन हसले होते. त्यांच्या खोलीत टेबल नाही. चटई आहे, दोन पाट आहेत, आणि मधे एक परात. परातीत मोड आलेले वाल. येणाऱ्यानं बसायचं आणि बाईंबरोबर वाल सोलायचे. बस. वाल भिजत घालणं, फडक्यात बांधून मोड आणणं, सोलायच्या आधी कोमट पाण्यात टाकणं ही माझी कामं. सरकारी शाळेची निवृत्त क्लार्क मी, आणि नोकरी काय, तर वाल भिजवायचे!

"समोरासमोर बसून पोरं बोलत नाहीत हो," बाईंनी मला समजावलं. "आपण डोळ्यांत डोळे घातले की ती आत जाऊन दार लावतात. हातांना काम असलं, मान खाली असली, की हळूहळू बोलायला लागतात. आणि वालाला घाई चालत नाही. जोर केला की डाळिंबी तुटते."

कामोठ्याहून एक गृहस्थ आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मुलगा बारावीत, बापाशी एक अक्षर बोलत नव्हता. परात पाहून साहेब दारातच थांबले. "मी इथं वाल सोलायला आलोय का?" हे त्यांनी इतक्या मोठ्यानं विचारलं की खालच्या दवाखान्यातही कळलं असेल. बाई म्हणाल्या, "नका सोलू. मी सोलते, तुम्ही बघा." तासाभरानं ते बाहेर आले तेव्हा बाह्या वर सरकलेल्या होत्या आणि डोळे लाल होते. मला म्हणाले, "माझी आई वालाचं बिरडं करायची तेव्हा मी तिच्याजवळ बसायचो. मुलगा माझ्याजवळ बसेल असं काही मी करतच नाही." पुढच्या वेळी ते मुलाला घेऊन आले. तेव्हापासून माझं हसू बंद झालं आणि बाईंबद्दलचा आदर वाढत गेला.

परात परत आली की वालांवरून मला अंदाज यायचा. तुटलेल्या डाळिंब्या म्हणजे आत राग निघाला. निम्मे वाल तसेच म्हणजे कुणीतरी नुसतं रडलं. हे बाईंना मी कधी सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी परात स्वतः धुवायला घेतली असती.

शुक्रवारी बाई केंद्र लवकर बंद करतात आणि शनिवारी उघडत नाहीत, तो त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार. शुक्रवारच्या त्यांच्या जेवणासाठी मासे आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. पहिल्यांदा प्रेमानं कोळंबी नेली, तर बाई हसत सुटल्या. त्यांच्या धर्मात खवलं आणि पर असलेलाच मासा चालतो. मग मी मार्केटातल्या माझ्या नेहमीच्या कोळणीला ते समजावलं, आणि दर शुक्रवारी ती बाईंसाठी पापलेट नाहीतर रावस बाजूला काढून ठेवायला लागली. "तुज्या खवल्याच्या बाईचा" असं म्हणून ती तो मासा मला द्यायची. ती उरणकडच्या खाडीकाठच्या एका गावची, नवरा जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलरवर. माझ्या माहेरच्या बोलीत बोलायला मिळायचं म्हणून मी तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळायचे.

नवरात्र झाल्यावर एका मुलीचा फोन आला. "मी एकोणीस वर्षांची आहे. घरच्यांना घेऊन यावं लागेल का?" मी सांगितलं, अठरा पूर्ण असतील तर नाही. तिला मंगळवारी चारची वेळ दिली.

आली ती पाठीला सॅक आणि हातात डब्याची पिशवी घेऊन. खुर्चीत अगदी कडेला बसली. फोनवर ती शहरातलं बोलली होती, पण घसा कोरडा पडला तसं तिच्या तोंडून निघालं, "मावशी, पानी हाय?"

झालं. आठ महिने पाळलेला नियम त्या दोन शब्दांनी मोडला. मी पेला तिच्या हातात दिला आणि अगदी हळू विचारलं, "कुनाची गो तू?"

तिनं पाणी पिता पिता माझ्याकडे बघितलं. मग थांबत थांबत बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. नाव ऐकायची गरजच नव्हती. नाक आईचं होतं. माझ्या कोळणीची पोर!

ती दर मंगळवारी येत राहिली. पाच आठवडे मी ती गोष्ट पोटात ठेवली, आणि दर शुक्रवारी तिच्या आईकडून रावस घेताना इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. माझ्या आयुष्यातला तो उच्चांक होता. स्वतःचं कौतुकही वाटायला लागलं होतं.

सहाव्या शुक्रवारी कोळीण गप्प होती. मासा साफ करता करता तिनं मनगटानं डोळे पुसले, हात खवल्यांनी भरलेले होते म्हणून. "पोर जेवत नाय गो ताय," ती म्हणाली. "डबा भरून देते, तसाच परत येतो. विचारला तर बोलते, अभ्यास लय हाय. माज्यापासून काय लपवते, मना कलत नाय."

माझा जीव कळवळला. खरंच सांगते, त्या क्षणी मला बातमी सांगायची नव्हती, तिला धीर द्यायचा होता. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! "घाबरू नको गो," मी म्हटलं. "पोर चांगल्या हातांत हाय. दर मंगलवारी आमच्या बाईंकडं येते ना ती."

तिच्या हातातला कोयता थांबला.

सोमवारी सकाळी ती जिना चढून वर आली. मार्केट अर्ध्यावर टाकून आली होती, पदर खोचलेला, चेहरा उतरलेला. मला ओलांडून ती सरळ बाईंच्या दारात उभी राहिली. "माजी पोर इथं कशाला येते? वेडी झाली काय ती? घरी विचारला तर बोलते, दात दाखवायला जेलती. मी आयस हाय तिची. मना सांगा."

बाई उठून उभ्या राहिल्या. "बसा," म्हणाल्या. ती बसली नाही. मग बाईही उभ्याच राहिल्या. "इथं कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. आईलासुद्धा नाही. उद्या तुम्ही आलात, तर तुमच्या मुलीलाही सांगणार नाही."

"मी कशाला येऊ इथं?" कोळीण कडाडली. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "आनि ही बोलली ना मना!"

मला वाटलं होतं, बाई मला वाचवतील. काहीतरी सारवासारव करतील, तुमचा काहीतरी गैरसमज झाला वगैरे म्हणतील. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाल्या, "त्या बोलल्या ती चूक झाली. त्यांची आणि त्यांना इथं बसवणारी मी, म्हणून माझी. तुम्हाला त्रास झाला, मी माफी मागते. पण चूक झाली म्हणून नियम बदलणार नाही."

कोळीण निघून गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

आता माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी बाईंना म्हटलं, "एवढं आभाळ कोसळलं का? आईलाच तर सांगितलं. शेजारणीला नाही, नातलगांना नाही. जन्मदात्या आईला! आणि तुम्ही त्या मच्छीवालीसमोर माझी शोभा केलीत." 'मच्छीवाली' हा शब्द मी वापरला याची मला अजून लाज वाटते, माझी आजी टोपली घेऊनच फिरलेली.

बाई चिडल्या नाहीत. वाल बांधलेलं फडकं त्यांनी हातात घेतलं, ते ओलं आहे का बघितलं, आणि खाली ठेवलं. "आमच्या समाजाची घरं किती, तुम्हाला माहीतच आहे," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षांची असताना मी एका बाईंना एक गोष्ट विश्वासानं सांगितली होती. मी घरी पोचायच्या आधी ती पोचली. आई दारातच उभी होती. गोष्ट काही मोठी नव्हती हो. पण ती मला माझ्या तोंडानं सांगायची होती. त्यानंतर मी आईला काहीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हा केवढं तरी सांगायचं राहिलं होतं."

मी ते फडकं उचलून जागेवर ठेवलं. 

"ही मुलगी आत काय बोलते ते मी तुम्हाला सांगणार नाही," बाई पुढे म्हणाल्या. "एवढंच समजा, की तिची बातमी तिच्याआधी तिच्या घरी पोचली. आता ती परत आली नाही, तर कुणाकडेच जाणार नाही. मला त्याची भीती वाटते."

मी पिशवी उचलली. नोकरी सोडून जायचं मनात ठरलंच होतं. दारापाशी पोचले तेव्हा बाईंनी विचारलं, "उद्याचे वाल भिजवलेत ना?" मी म्हटलं, "हे काय, मोड आलेत." "मग उद्या या," त्या म्हणाल्या. म्हणून गेले.

मुलीनं फोन उचलला नाही. बाईंनी तिला मेसेज पाठवला आणि त्यात माझाही भाग आहे म्हणून मला वाचून दाखवला. चूक आमच्या दारात झाली. तुझा काही दोष नाही. मंगळवारची चारची वेळ तुझीच आहे, यायचं की नाही ते तू ठरव. मेसेजाखाली दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिनं तो वाचला. उत्तर आलं नाही.

मंगळवारी चार वाजता बाईंनी परात घेतली, पाटावर बसल्या, दार उघडं ठेवलं आणि एकट्या वाल सोलायला लागल्या. त्याच वेळेसाठी दुसऱ्या एका आईचा फोन आला, फार अडली होती बिचारी. मी बाईंकडे बघितलं. "चारची वेळ भरलेली आहे," बाई म्हणाल्या. पाच वाजले तेव्हा त्या उठल्या, गुडघे धरून. समोरचा पाट रिकामाच होता. त्यांनी तो उचलला नाही.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मी दारात बसून जिन्यावरच्या पावलांकडे कान लावायचे. सगळी पावलं पहिल्या मजल्यावरच दातांच्या डॉक्टरकडे वळायची. उघड्या दारातून बाईंचे हात दिसत होते. न येणाऱ्या पोरीसाठी एक म्हातारी बाई पूर्ण तासभर हजर होती. तोपर्यंत मी बाईंना हुशार समजत होते. त्या दिवशी मला कळलं की त्या नुसत्या हुशार नाहीत, त्या मोठ्या आहेत. बत्तीस वर्षं मी हजेरी लावली, पण असं हजर राहिलेलं माणूस पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी नळ सोडून लपवलं.

मार्केटात जायची मला हिंमत होत नव्हती. दोन शुक्रवार बाईंनी अंड्यांवर भागवलं आणि एका शब्दानं विचारलं नाही.

तिसऱ्या मंगळवारसाठी बाईंनी मला बजावून ठेवलं होतं. "आली तर माफी तुम्ही मागायची. मी माझी मागितली आहे." आता आमच्याकडे मोठ्यांनी पोरांची माफी मागायची रीत नाही. फार तर खायला घालतात. आई रागावली की दुसऱ्या दिवशी पानात जास्तीचं काहीतरी यायचं, तीच माफी. म्हणून मी सकाळी उठून घावणे केले आणि डबा टेबलावर ठेवला. बाईंनी तो पाहिला, काय ते ओळखलं आणि मान हलवली. "आधी सांगा. मग खायला द्या."

चार वाजून वीस मिनिटांनी ती आली. सॅक होती, डब्याची पिशवी नव्हती. दाराच्या आत एक पाऊल टाकून उभी राहिली. मी खुर्चीतून उठले. माझ्या नातीच्या वयाची नसली तरी भाचीच्या वयाची पोर, आणि मी मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं तशी तिच्यासमोर उभी होते.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तुझं तू सांगायचं होतंस. ते मी तुझ्या हातून काढून घेतलं. तुला 'कुणाची' म्हणून विचारलं तेही चुकलं. मला माफ कर."

तिनं सॅक खांद्यावरून खाली घेतली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही 'कुनाची गो' विचारलंत ना, तेव्हाच मला उठून जावंसं वाटलं होतं. पण तुम्ही आमच्यासारखं बोललात. म्हणून बसले."

यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.  ती माझ्या टेबलाजवळ आली, डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय हाय यात?" मी म्हटलं, "घावणे." "परत जाताना खाईन," असं म्हणून ती आत गेली. तीन मंगळवारांत पहिल्यांदा बाईंनी दार लावून घेतलं. तासाभरानं परात बाहेर आली. डाळिंब्या अख्ख्या होत्या, एकूण एक.

पुढचं मला तिनं आणि तिच्या आईनं, वेगवेगळ्या वेळी, आपणहून सांगितलं. त्या दोघींना विचारूनच मी हे लिहिते आहे. गाव सांगणार नाही आणि काही तपशील मी फिरवले आहेत. बाईंची तशी अट होती.

मुलगी इंजिनिअरिंगला होती. तिला प्रवेश मिळाला तेव्हा गावाच्या वेशीवर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता, गावची पहिली इंजिनिअर कन्या म्हणून. पहिल्याच वर्षी ती नापास झाली, आणि हे घरी सांगायची तिला हिंमत झाली नाही. ती रोज डबा घेऊन त्या फ्लेक्सखालून निघायची आणि कॉलेजऐवजी कामोठ्याच्या एका अभ्यासिकेत दिवसभर बसायची. बाईंकडे ती एवढ्यासाठीच येत होती की आईला हे सांगायचं बळ यावं. मी मार्केटात तोंड उघडलं, त्यानंतरच्या रविवारी ती सांगणार होती. तसं ठरलं होतं. शुक्रवारी घरी आईनं "वेडी झालीस का" म्हणून विचारलं आणि तिचं सगळं बळ गळून पडलं.

पण सांगितलं तिनं. त्या घावण्यांच्या मंगळवारनंतरच्या रविवारी, आईबापांना समोर बसवून, एकटीनं. बाप ऐकून उठला आणि बाहेर गेला. ही दारातून बघत राहिली. त्यानं वेशीवरचा फ्लेक्स सोडवला, घडी करून घरी आणला आणि माळ्यावर ठेवला. "फाटत चालला होता," एवढंच बोलला. फेकला मात्र नाही.

आईला ते इतकं सोपं गेलं नाही. एका बुधवारी दुपारी ती पुन्हा आमचा जिना चढून आली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. मार्केटातून चालत आली होती, घामानं भिजलेली. मी खुर्ची ओढून पंख्याखाली घेतली आणि तिला बसवलं. पाणी दिलं. कुणाची म्हणून विचारलं नाही.

"मना बोलायचाय बाईंशी," ती म्हणाली. "पोरीला वाट्टेल ते बोलते मी, ताय. फसवलास, बापाची इज्जत घालवलीस, असा काय काय. ती गप ऐकते. मंग मना रातभर लागून राहते. मासे विकून तोंड असा झालाय, आवरत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माज्या पोरीला सांगू नको."

"इथं कोण येतं ते आम्ही सांगत नाही," मी म्हटलं. रजिस्टरात तिचं फक्त पहिलं नाव लिहिलं.

पहिल्या बुधवारी परातीत वालाचा चुरा झाला होता. दुसऱ्या बुधवारी निम्मे तुटले. शुक्रवारी मी पुन्हा तिच्याकडे मासे घ्यायला जायला लागले, तेव्हा आम्ही दोघी फक्त माशांवर बोलायचो. रावस ताजा आहे का, पापलेट कुठून आलं. आजूबाजूच्या बायकांना वाटलं असेल, यांचं काहीतरी बिनसलंय. आईचे बुधवार आणि पोरीचे मंगळवार माझ्या एकाच रजिस्टरात लागोपाठच्या ओळींवर येत होते, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत पडला होता.

पाचव्या आठवड्यात मंगळवारी ती पोर लवकर आली. पुढे काय शिकायचं ते तिचं अजून ठरलेलं नव्हतं, पण चेहरा भरला होता. माझ्याजवळ उभी राहून रजिस्टराच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिली.

"मावशी, आमच्याकडे बिरडं सोललेलंच आणायचे. आईला सोलायला वेळ कुठला," ती म्हणाली. "आता आई वाल भिजवते. परात मधे घेते आणि मला बोलते, बस. मी बसते. काही बोलत नाही ती, नुसती सोलते. परवा मात्र बोलली." ती थांबली. "मावशी, आई इथं येते का?"

माझ्या जिभेवर ते आलं होतं. एकदा 'हो' म्हटलं असतं तर त्या पोरीला केवढा आनंद झाला असता! आणि बातमी चांगली होती, धीर देणारी होती, अगदी मागच्यासारखीच.

"इथं कोण येतं ते मी सांगत नाही," मी म्हटलं. "तुझ्या आईलाही नाही, तुलाही नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण ती हसत होती. "बरं. नका सांगू," ती म्हणाली. "पण कधी आली ना, तर तिला पंख्याखालची खुर्ची द्या. मार्केटातून येते, तिला फार गरम होतं."

मी "बरं" म्हटलं. ती खुर्ची चार बुधवारांपासून पंख्याखालीच होती, हे मी तिला सांगितलं नाही.